चढतं पाणी

कोरडवाहू माणसाला सांगून बघा की तुझ्या शेतात पाणी वर येतंय ते वाईट आहे. तो तुम्हाला वेड्यात काढेल. आमच्या खोऱ्यानेही काढलं होतं. मी लहान असताना सखल भागातल्या विहिरी कोणी काही न करता भरू लागल्या. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दंडाला धरून विहिरीपाशी न्यायचे आणि म्हणायचे, "बघा, अर्धा दोर वाचतो आता." हे पाणी येतंय कुठून, असं एकानेही विचारलं नाही. फुकटच्या वस्तूची चौकशी करायची आपल्याकडे पद्धत नाही.

पाणी टेकडीवरून येत होतं. टेकडीवर पूर्वी रान होतं. रान वर्षभर पाणी पितं आणि खोल मुळांनी पितं. ते तोडून लोकांनी गहू पेरला. गहू चार महिने वरचं वरचं पितो आणि वाळून जातो. उरलेला पाऊस मुरत खाली गेला, जमिनीच्या पोटात झोपलेलं मीठ त्याने उठवलं आणि ते घेऊन उताराच्या तळाशी, म्हणजे आमच्या शेतात, तो वर चढू लागला. पाणी मातीच्या तोंडाशी आलं की ऊन ते उडवून नेतं. मीठ इथेच राहतं. माझ्या धाकट्या बहिणीने हे मला स्वयंपाकघरात बादलीत फडक्याचं एक टोक सोडून दाखवलं होतं. फडकं वरपर्यंत भिजायला चहा उकळण्याइतका वेळ लागला. आमच्या शेताला तीस-एक वर्षं लागली. फरक तेवढाच.

बहिणीला घरात सगळे छोटी म्हणतात. ती भूजल खात्यात आहे. मी मोठी. मी शेत करते आणि बाबांना सांभाळते. ती शिकली आणि मी राहिले, यावर कोणी मला दया दाखवायला आलं तर मी त्याला दार दाखवते. शेत मला आवडतं. जेवढं उरलंय तेवढं.

छोटीने खोऱ्यात जागोजागी बारीक बोअर मारून त्यात पाइप उभे केले. पाइपात फीत सोडायची, फितीच्या टोकाला लोखंडी नळी, ती पाण्याला टेकली की वरच्या चक्रीवर लाल दिवा लागतो. दिवा लागला की फितीवरचा आकडा वाचायचा, म्हणजे पाणी जमिनीखाली किती खोल आहे ते कळतं; आकडा लहान तितकं पाणी वर. खात्याकडे माणसं नव्हती, म्हणून तिने नियम केला: ज्याच्या शेतात पाइप, त्यानेच महिन्याला माप घ्यायचं आणि फोनवर कळवायचं. खात्यातले साहेब हसले होते. छोटी म्हणाली, "ज्याचं शेत बुडतंय तो खोटं कशाला सांगेल?"

आमच्या पाइपाचं माप बाबा घ्यायचे.

पाइपांवरून छोटीने शोधून काढलं की पाऊस सगळ्या टेकडीवर सारखा मुरत नाही. माथ्याजवळ वाळूमिश्रित मातीचा एक पट्टा आहे, तिथून पाणी चाळणीतून जावं तसं खाली जातं. त्या पट्ट्यावर झाडं लावली तर आम्ही तळाचे वाचू. अडचण एवढीच की तो पट्टा आमचा नव्हता. तो वकिलाचा होता. हा वकील कोर्टाची पायरी चढलेला नाही. पण सकाळ झाली असं म्हटलं तरी तो पुरावा मागतो, म्हणून गावाने त्याला ते नाव दिलं. त्या पट्ट्यात त्याचा गहू सगळ्यात चांगला यायचा. छोटी त्याच्या ओट्यावर किती वेळा जाऊन बसली असेल! शेवटी तो म्हणाला होता, "पाच वर्षं झाडं ठेवतो. पाच वर्षांनी सभेत आकडे दाखव. पाणी आवरलं असेल तर झाडं राहतील, मी उपटणार नाही. नसेल आवरलं तर तू माझ्या दारात पुन्हा यायचं नाहीस."

त्या पाच वर्षांच्या शेवटच्या सभेच्या आदल्या दिवसापासूनची ही गोष्ट आहे. झाडं राहिली तर आमचं घर आणि मधलं शेत टिकण्याची आशा होती. झाडं गेली तर आम्ही गेलो. यात काही गूढ नाही.

छोटी दुपारी गाडीने आली. हातात लॅपटॉपची बॅग, बुटांना दुसऱ्याच कुठल्या तरी खोऱ्याचा चिखल. बाबा तिच्यासाठी दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"आल्या मॅडम," बाबा म्हणाले. "मोठे, चहा टाक. खात्याला साखर जास्त लागते."

"खातं साखर सोडून बसलंय, बाबा. वजन वाढलंय खात्याचं."

"वजन वाढलं तर चांगलं. वजनदार माणसाचं सभेत ऐकतात."

ती हसली आणि आत येता येता थांबली. ओट्याच्या खालच्या भिंतीचा गिलावा फुगला होता. बोट लावलं की पापुद्रा पडायचा आणि मागे पांढरी भुकटी. तिने बोट जिभेला लावलं.

"ताई, हे कधीपासून?"

"या उन्हाळ्यापासून."

"पण आपल्या पाइपात पाणी उतरतंय."

"ते तू बाबांना विचार," मी म्हणाले. मी खवचटपणे नाही म्हणाले. मला खरंच वाटायचं की जमिनीला उशिरा कळत असेल. पाणी खाली गेलं तरी मीठ मागे राहत असेल. शास्त्र तिचं, मला काय कळतं? माझे डोळे मात्र रोज बघत होते. तळाच्या वाफ्यात गहू उगवून पिवळा पडून बसायचा. मधल्या शेताच्या कडेला पांढरी रेघ आली होती आणि ती सरकत होती.

बाबा घाईने म्हणाले, "जुनं घर आहे. भिंत म्हातारी झाली की तिलाही पांढरे केस येतात."

छोटी म्हणाली, "उद्याच्या सभेसाठी ताजं माप हवंय. आत्ताच घेऊ या."

"मी घेतो ना. मी घेऊन ठेवतो. तू दमून आलीस."

"तुमचा गुडघा बघा आधी. पायरी उतरायला तुम्हाला ताईचा खांदा लागतो."

"अगं पण चक्री माझ्या हाताची आहे. दुसऱ्याला जमत नाही ती."

"बाबा, चक्री मीच आणून दिली होती."

बाबांनी कप उचलला आणि न पिता पुन्हा बशीत ठेवला. मी ते पाहिलं. त्याचा अर्थ मला पाइपापाशी गेल्यावर कळला.

पाइप तळाच्या वाफ्याच्या बांधावर आहे. छोटीने झाकण काढलं, मी चक्री धरली. तिने फीत सोडायला सुरुवात केली आणि ती माझ्याशी काहीतरी बोलत होती, तिच्या ऑफिसातल्या कोणाचं तरी लग्न मोडलं त्याबद्दल. बोलता बोलता दिवा लागला. तिने बोलणं तोडलं नाही. तिला वाटलं फीत पाइपाच्या कडेला घासली. तिने फीत ओढून पुन्हा सोडली. दिवा तिथेच लागला. तिसऱ्यांदा तिने नळी पुसली, शर्टाला पुसली, आणि सोडली.

पावणेदोन मीटर.

गेल्या महिन्यात बाबांनी फोनवर कळवलं होतं साडेचार.

"चक्री बिघडली असेल," मी म्हणाले.

तिने माझ्या पाण्याच्या बाटलीत नळी बुडवली. दिवा लागला. बाहेर काढली, विझला. चक्री ठणठणीत होती. ती बांधावर खाली बसली, त्या पांढऱ्या मातीत, चांगल्या पँटीसकट.

"ताई, पाच वर्षांपूर्वी इथे सव्वातीन होतं," ती म्हणाली. "आणि पाणी दरवर्षी जवळजवळ पाऊण मीटर चढत होतं. त्याच वेगाने चढलं असतं तर आज ते इथे आपल्या पायाशी आलं असतं. डबकं झालं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे झाडं काम करतायत. निम्मं-अधिक रोखलंय त्यांनी. एवढ्या लवकर मी आशाच केली नव्हती."

मला हायसं वाटलं. मी म्हणाले, "मग झालं तर. हेच सांग सभेत."

"कशाच्या जोरावर सांगू? मधली पाच वर्षं कुठे आहेत? त्या पट्ट्याच्या थेट खाली हा एकच पाइप आहे, आणि त्याचे माझ्याकडे उतरणाऱ्या पाण्याचे आकडे आहेत. ते सगळे खोटे आहेत. एका खऱ्या आकड्याने काय सिद्ध होतं? आणि तोही आपल्याच घरातला."

आम्ही घरी आलो तेव्हा बाबा खुर्चीत तसेच होते. चहावर साय धरली होती. छोटी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या तोंडात तर शिव्या तयार होत्या.

"बाबा, पहिल्यांदा कधी?"

ते आपल्या गुडघ्याकडे बघत बोलले. "झाडं लावल्यावर दुसऱ्या वर्षी. पाणी चढलं होतं. थोडंच चढलं होतं, पण चढलं. मी म्हटलं, आता हे लोक हिला फाडून खातील. त्या वकिलाला तर तेवढंच हवं. म्हणून मी जरा उतरवून सांगितलं. मग पुढच्या महिन्यात एकदम वर कसं सांगणार? मग थोडं आणखी उतरवलं."

"खरे आकडे कुठे लिहिलेत का?"

"नाही लिहिले. लिहिलं की तुझ्या हाती लागलं असतं."

"एक तरी आठवतो?"

"वय झालं गं. गेल्या महिन्याचाही नीट आठवत नाही."

छोटीने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "बाबा, ते उतरायला नको होतं. पहिली दहा वर्षं ते उतरणारच नव्हतं. चढायचा वेग कमी झाला की आपण जिंकलो, असं होतं ते. तुम्ही खरं सांगितलं असतंत तर मी जिंकले असते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी शब्दांत मांडणार नाही. मांडता येत नाही म्हणून नाही. माझ्या बापाचा तो चेहरा मला कोणाला दाखवायचा नाही.

"हे तू मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"पहिल्या सभेत सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. फळ्यावर चित्र काढून सांगितलं. तुम्ही पहिल्या रांगेत होतात, बाबा. माझ्या बरोबर समोर."

"मी तुझ्याकडे बघत होतो," बाबा म्हणाले. "एवढी माणसं आणि तू एकटी उभी राहून बोलतेस. मी बघत होतो. ऐकत नव्हतो."

मी उठून कप विसळले. नळाच्या पाण्यालाही आता चव लागायची.

संध्याकाळी अंगणात मी छोटीला गाठलं. मी सरळ बोलले. मला आडून बोलता येत नाही.

"उद्या काही सांगू नकोस."

"ताई."

"ऐकून घे. झाडं काम करतायत हे खरं आहे ना? तू स्वतः म्हणालीस. मग आकडा खोटा असेना. खोट्या आकड्याने खरी झाडं उभी राहणार असतील तर कोणाचं काय जातंय?"

"पलीकडच्या दोन खोऱ्यांत माझ्या याच आकड्यांवर झाडं लावायची ठरलीत. एवढ्या झाडांनी पाणी पाच वर्षांत उतरतं, असं धरून. ते उतरणार नाही. त्यांना याच्या दुप्पट झाडं लागतील, आणि तळाला निचऱ्याचे चरही खणावे लागतील. ते लोक निवांत बसून राहतील आणि बुडतील."

"मग त्यांना वेगळं सांग. हळूच दुरुस्त कर."

"आणि आपले चर? या पाइपाचे आकडे बघून गरज नाही म्हणून मीच आपलं खणकाम रद्द केलं, ताई. मशीन दुसरीकडे पाठवलं. माझ्या सहीने." तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "दोन वर्षांपूर्वी इथे चर खणला असता तर ही भिंत कोरडी असती."

मी म्हणाले, "तू जर उद्या तोंड उघडलंस तर मी काय खायचं ते सांगून जा. तुला पगार आहे. तुझं सत्य तुला परवडतं."

हे लागणारं होतं आणि ते लागावं म्हणूनच मी म्हणाले. ती रडली नाही. ती म्हणाली, "मला माहितेय," आणि आत जाऊन बाबांच्या पायाला तेल लावत बसली. मला राग याचा आला की तिचं चुकत असतं तर भांडता आलं असतं. बरोबर असलेल्या माणसाशी भांडण्याइतकं रिकामं काम नाही.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. बाबांनी यायचा हट्ट धरला, मी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. छोटी उभी राहिली आणि तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, की आमच्या घरच्या पाइपाचे चार वर्षांचे आकडे चुकीचे आहेत, ते तिने तपासले नाहीत, म्हणून चूक तिची आहे. बाबांचं नाव तिने घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. माप कोण घेतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. माना मागे वळल्या. बाबांनी मान खाली घातली नाही. ते ताठ बसून राहिले आणि त्यांचे ओठ हलत होते.

मग तिने पावणेदोनचा हिशोब सांगितला. वेगाचं सांगितलं. कोणी ऐकत नव्हतं. माणसाला एकदा फसवलं गेल्याचं कळलं की त्याचे कान बंद होतात.

वकील उठला. मला वाटलं होतं तो गरजेल. तो हळू बोलला.

"पोरी, तू चांगली आहेस. तू खरं बोललीस, मी असतो तर बोललो नसतो. पण मी पाच वर्षं गहू सोडला तो तुझ्या आकड्यावर. बाकीचे पाइपही असेच त्यांच्या त्यांच्या मालकांनी मोजलेत. आता मी कोणाचा खरा धरू?"

"काका, तुम्ही स्वतः या. माझ्याबरोबर मोजा. मला आणखी दोन वर्षं द्या."

"पाच दिली होती," वकील म्हणाला.

आकड्यांच्या बाबतीत त्याचं खरं होतं. झाडांच्या बाबतीत नव्हतं. पण झाडांना सभेत बोलता येत नाही.

दोन दिवसांनी वर ट्रॅक्टर चालू झाला. छोटी अजून घरीच होती, खात्यातून बोलावणं यायची वाट बघत. आवाज ऐकून ती तशीच चपला घालून टेकडी चढायला लागली. मी तिच्या मागे गेले. माझ्या मनात काय होतं कोण जाणे. कदाचित वकिलाच्या अंगावर जायचं होतं.

झाडं आमच्या डोक्याहून दुप्पट उंच झाली होती. साखळी बांधून ट्रॅक्टर एकेक ओढून काढत होता. मूळ सुटताना चादर फाडल्यासारखा आवाज यायचा. आडव्या पडलेल्या झाडांच्या ओळी आणि त्यांच्या मागे खड्डे. छोटी एका खड्ड्यात उतरली. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. तळाची माती तिने बोटांनी उकरली आणि मूठ भरून वर आली.

"काका, बंद करा जरा."

वकिलाने हात वर करून ट्रॅक्टर थांबवायला सांगितलं. तिने मूठ त्याच्यासमोर उघडली. माती पिठासारखी भुरभुर खाली पडली. आठवड्यापूर्वी मोठा पाऊस होऊन गेला होता. शेजारच्या गव्हाच्या रानात हातभर खणलं तर चिखल लागत होता. इथे छातीभर खोल माती सुकी होती.

"मुळांनी प्यायलं सगळं," ती म्हणाली. "एक थेंब खाली गेला नाही. हा घ्या पुरावा. हा कोणी फोनवर सांगितलेला नाही."

वकील वाकला. त्याने स्वतः खड्ड्यात हात घालून माती काढली, दोन बोटांत चोळली, नाकापाशी नेली. तो शेतकरी होता. त्याला कळलं. त्याने उभ्या राहिलेल्या झाडांकडे पाहिलं. कडेची जेमतेम एक ओळ शिल्लक होती.

"एवढ्याने काही होईल?" त्याने विचारलं.

छोटी खोटं बोलू शकली असती. "नाही," ती म्हणाली.

हाताची माती त्याने पँटीला पुसली. "हे आधी उकरून दाखवायचं होतंस," तो म्हणाला, आणि ट्रॅक्टरवाल्याला पुढे चल म्हणून खूण केली. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तरी काहीतरी बोलले असते.

आम्ही खाली उतरलो. अर्ध्या वाटेवरून आमचं सगळं शेत दिसतं. वरून पाहिलं तर फार सुंदर दिसतं, कोणीतरी धुतलेली चादर वाळत घातल्यासारखं पांढरं.

बाबा दारात भिंतीला धरून उभे होते. एवढं चालत ते कसे आले देव जाणे.

"काय म्हणाला गं तो?" त्यांनी विचारलं.

छोटीने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. आजवर कधी एक आकडा इकडचा तिकडे न केलेली माझी बहीण. "विचार करतो म्हणाला, बाबा. बहुतेक ठेवेल झाडं."

टेकडीवर ट्रॅक्टरचा आवाज चालूच होता. दारातून सगळं स्वच्छ दिसत होतं, शेवटची ओळ एकेक करून आडवी होताना.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "मला वाटलंच होतं."